दोघांत मिळून एक नाक

"मी काही बोलत नाही," आर्व्हिला डेलियाच्या कानाशी लागून पुटपुटली. "बोललं की म्हणता, म्हातारीला भास होतात. पण या धक्क्याखाली काहीतरी मेलंय. नुसतं मेलेलं नाही, मरून आठवडा झालाय आणि अजून कुणी त्याची साधी चौकशी केलेली नाही."

डेलिया अजून गाडीतून नीट उतरलीही नव्हती. एक पाय बाहेर, एक आत, मांडीवर ब्लूबेरीच्या मुरंब्याच्या बाटल्या. बँगोरला बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून ती गेली होती, ती सात आठवड्यांनी आज परतत होती. आणि 'आलीस का, दमलीस का' विचारायचं सोडून तिची चौऱ्याऐंशी वर्षांची सासू गाडीच्या दारात मान घालून हे सांगत होती.

"आई, ओहोटी लागलीय. चिखल उघडा पडला की वास यायचाच."

"ओहोटी मला नको शिकवूस. साठ वर्षं हुंगतेय. ओहोटीचा वास भुकेल्या पोटाचा असतो. हा पोट बिघडल्याचा आहे."

डेलिया हसली, बाटल्या काखोटीला मारून धक्क्याच्या फळ्यांवर आली. तिसऱ्या फळीवर तिचं हसू थांबलं.

वरवर सगळं ओळखीचं होतं. ओलं शेवाळ, दोरांना लागलेलं डिझेल, शेवंडांच्या सापळ्यांत घालायच्या खारवलेल्या माशांचं पिंप. हे वास तिला सोयऱ्याधायऱ्यांसारखे होते, आवडो न आवडो, आपलेच. पण त्यांच्या खालून, फळ्यांच्या फटींतून, दुसरंच काहीतरी वर येत होतं. उकडून विसरलेलं अंडं. पंधरा दिवस न बदललेलं फुलदाणीतलं पाणी. आजारी माणसाचं सकाळचं तोंड. तिने श्वास रोखला, तर तो वास नाकातून निघून जिभेवर जाऊन बसला.

"काय गं," सासू मागून म्हणाली, "तुलाही भास होतोय का?"

तेवढ्यात ऑरिनची बोट आली. साठीचा, रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला तिचा नवरा दोर बांधून वर चढला, त्याने बायकोला जवळ घेतलं आणि तिच्या केसांत नाक खुपसलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी ही सवय सुटली नव्हती. गेली तीन वर्षं त्या खुपसण्यात काही राम उरला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हती.

"चल, लिनेटची कालवं दाखवतो," तो म्हणाला आणि धक्क्याच्या खांबाला बांधलेल्या निळ्या दोरीकडे त्याने बोट केलं. दोरीचं दुसरं टोक खाली पाण्यात गेलं होतं. बरोबर तिथे, जिथून वास येत होता.

पिंकहॅमांच्या घरात मुलीच्या लग्नाची कालवं बाप स्वतः निवडतो. जून महिन्यात तीन-तीन वर्षांची, हातात वजनदार लागणारी सहाएकशे कालवं एकेक करून वेचायची, निळ्या दोरीच्या पिंजऱ्यात घालायची आणि डोळ्यांसमोर राहावीत म्हणून घरच्या धक्क्याखाली तळाशी सोडायची. लग्नाच्या दिवशी पहिलं कालव बापाने उघडायचं आणि जावयाच्या हातावर ठेवायचं. जावयाने ते नुसतं गिळायचं नाही. तीनदा चावायचं. न चावता गिळतो तो पाहुणा, तीनदा चावतो तो घरचा. ऑरिनच्या बहिणीच्या नवऱ्याने दोनदाच चावलं होतं, आणि अकरा वर्षांनी तो घर सोडून गेला तेव्हा आर्व्हिलाला काडीचंही आश्चर्य वाटलं नव्हतं.

त्यांच्या मुलीचं, लिनेटचं लग्न येत्या शनिवारी होतं. आज मंगळवार.

"दर आठवड्याला वर काढून वाळवतोयस ना?" डेलियाने विचारलं.

ऑरिनने दोरीची गाठ पुन्हा आवळली. तिला आवळायची काही गरज नव्हती.

"जुलै उजाडेपर्यंत वाळवत होतो."

"आणि मग?"

"ती टेकडीवरच्या घरातली बाई आली होती खाली. उन्हाळ्यापुरती आलेली, ती. नाकाला रुमाल लावून. म्हणाली, मिस्टर पिंकहॅम, तुमच्या या पिंजऱ्यापायी आम्हाला खिडक्या उघडायची सोय राहिली नाही. आता मी काय बोलणार? माफ करा म्हणालो आणि खाली सोडला."

"वाळताना वास येणारच, ऑरिन. शेवाळ सुकतं त्याचा वास तो. दोन तासांत जातो. तो कधी कुणाला..."

"ती म्हणाली भयंकर येतोय," ऑरिन म्हणाला. "भयंकर, असं म्हणाली. मग मी कसं..." तो तिथेच अडला. "बहीण काय म्हणतेय तुझी? चालते का?"

"काठी घेऊन," डेलिया म्हणाली.

कालवाला एकच विद्या येते, तोंड मिटून बसायची. पाण्याबाहेर काढून उन्हावाऱ्यात ठेवलं तरी ते दिवसभर मिटल्या तोंडाने तग धरतं. भाडेकरूला तेवढा दम नसतो. तो वाळून मरतो. म्हणून या नदीवर आठवड्यातून एक दिवस पिशव्या उन्हात पालथ्या घालतात, पिंजरे वर काढतात, आणि त्या दिवशी सगळी खाडी घाण वास मारते. तो घाण वास चांगला. तो आला नाही की समजावं, आत कुणीतरी राहायला आलंय.

भाडेकरू म्हणजे किडा. पण जसं बोटीवर उभं राहून कुणी डुकराचं नाव घेत नाही, तसं इथे धक्क्यावर किड्याचं नाव काढत नाहीत. नाव काढलं की येतो म्हणतात. नाव न काढता तो दर उन्हाळ्यात येतोच, ते वेगळं.

*

बुधवारी सकाळी ऑरिन मांडवाच्या खुर्च्या आणायला गावात गेला आणि दोघी सासवासुना कप्पीवर ओणवल्या. पिंजरा वर आला तेव्हा त्यातून पाणी गळालं ते स्वच्छ नव्हतं. करडं होतं, आणि शेवटी शेवटी तार धरत होतं.

डेलियाने पहिलं कालव हातात घेतलं. जूनमध्ये तिने यांचा फोटो पाहिला होता, ऑरिनने हौसेने पाठवला होता, धुतलेल्या बशांसारखी कालवं. आता शिंपल्याच्या कडेवर चिखलाच्या बारीक नळ्या उभ्या होत्या, नाक शिंकरून वाळू द्यावं तशा. तिने अंगठ्याने त्या पुसल्या. त्या मऊ होत्या. पुसल्यावर खाली सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली, दोन-दोनच्या जोडीने.

"दोन कशाला लागतात मेल्याला?" आर्व्हिला म्हणाली.

"एकातून खातो, दुसऱ्यातून..."

"कळलं. नको सांगूस."

डेलियाने सुरीचं बोथट टोक सांध्यात घालून पिळलं. झाकण उघडलं. आतलं कालव, जे लोण्याच्या गोळ्यासारखं असायला हवं, ते ओल्या बोळ्यासारखं चपटं होतं, कडेने पारदर्शक. ते तिने सुरीने बाजूला सारलं. खाली, मोत्यासारख्या पांढऱ्या गुळगुळीत भिंतीत, अंगठ्याच्या नखाएवढा फोड होता. काळपट तपकिरी, तकतकीत, ताणलेला. कालवाने बिचाऱ्याने घरात घुसलेल्या चिखलावर लेप देऊन देऊन त्याला कोंडलं होतं, आणि लेप देता देता स्वतः वाळून गेलं होतं.

तिने सुरीचं टोक फोडाला नुसतं टेकवलं. अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा तो फुटला.

आधी वास आला. धक्क्याखालून येत होता तोच, पण आता त्याच्या अंगावर कपडा नव्हता. मग काळा चिखल पसरला, त्या नितळ पांढऱ्या वाटीत, एखाद्या स्वच्छ अंथरुणात कुणी घाण करावी तसा. आणि त्या चिखलातून एक तांबूस, दोऱ्याएवढा जीव सावकाश वळवळत बाहेर आला. त्याला तोंडाशी दोन लांब मिशा होत्या. त्या मिशांनी तो हवा चाचपत होता, दार कुणी उघडलं ते पाहत असावा तसा.

डेलियाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. तिने शिंपला फेकला नाही. का कुणास ठाऊक, आणखी एक उघडलं, आणखी एक. अकरा उघडली. नवांत भाडेकरू. एकात तर तीन फोड एकमेकांना लागून होते आणि कालवाला बसायला जागाच उरली नव्हती. फळ्यांवर काळे ओघळ वाहिले. एक कुरव पक्षी धक्क्याच्या खांबावर उतरला, त्याने मान वाकडी करून पाहिलं आणि काही न उचलता उडून गेला. कुरव पक्षी मेलेला उंदीर खातो.

"बाकीच्या पिशव्या?" सासूने पदरासारखा ॲप्रन नाकाला लावून विचारलं.

"त्या ठीक असणार. त्या वर तरंगतात, खाडीच्या तोंडाशी, त्यांना तो न चुकता पालटतो. तिथे कुणी बाई रुमाल लावून जात नाही."

"म्हणजे एवढीच सडली. लिनेटची."

"एवढीच."

"सांग त्याला."

"तुम्ही सांगा. तुमचा मुलगा आहे."

"लग्न करून दिलं तेव्हाच हात झटकले मी. तुझा नवरा आहे."

सांगायचं म्हणजे नुसतं 'कालवं सडली' एवढंच सांगून भागणार नव्हतं. सात आठवडे तो माणूस रोज त्या पिंजऱ्यावर उभा राहून कॉफी पीत होता. मग त्याला कळलं कसं नाही, हे कुणीतरी विचारणार. आणि त्याचं उत्तर या घरात तीन वर्षं कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ऑरिनला ताप आला. आठ दिवसांनी उतरला. जाताना नाक घेऊन गेला. येईल परत, असं डेलियाला वाटलं होतं. मार्चमध्ये त्याने फाटलेलं, आंबट झालेलं दूध कॉफीत घालून पूर्ण कप संपवला, वर्तमानपत्र वाचत, तेव्हा तिला कळलं. त्या दिवशी आर्व्हिला समोरच बसली होती. तिने सुनेकडे पाहिलं, सुनेने तिच्याकडे, आणि दोघींनी आपापल्या पावात तोंड घातलं.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर लोक हळहळले असते आणि विसरले असते. पण हे ऑरिन पिंकहॅमचं नाक होतं. नदीच्या दोन्ही काठांवरचे लोक आपली कालवं घेऊन त्याच्याकडे येत. तो शिंपला नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, पुलाखालची आहेत, किंवा वरच्या वळणावरची, किंवा ही परवा काढलीस आणि मला आजची म्हणून दाखवतोयस. त्यावर लोक माना खाली घालत. त्याच्या बापाचं नाव या धक्क्यावर पाटीवर होतं, त्याचं नाव लोकांच्या बोलण्यात होतं.

मग दोघांत मिळून एक नाक झालं. कसं झालं, ते ठरवलं कुणी नाही. तो शिंपला नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा, आणि उघडले की प्रथम डेलियाकडे पाहायचा. तिच्या भुवया सरळ असल्या की "फर्मास," म्हणायचा. तिची डावी नाकपुडी जराशी आकसली की "हं, टाकून दे हे." कुणाला कळलं नाही. डेलियाला कधीकधी वाटे, हेच आपलं लग्न, एवढंसं नाकपुडीचं आकसणं. बहीण पडली नसती तर निभत राहिलं असतं.

पण ती सात आठवडे गेली, आणि ज्याला स्वतःचं नाक नसतं त्याला वाटेने जाणाऱ्या कुठल्याही नाकावर विश्वास ठेवावा लागतो.

"शनिवारी शंभर माणसांत तो पहिलं कालव उघडणार," आर्व्हिला म्हणाली. "वरच्या वळणावरचा क्लाइड असेल. पुलाखालचे सगळे असतील. त्यांना नाकं आहेत."

"व्हर्लनला विचारते," डेलिया म्हणाली. व्हर्लन पलीकडच्या काठावरचा शेजारी, मुका असल्यासारखा माणूस, गुपित ठेवायला बरा. "शुक्रवारी सकाळी ऑरिन कोट घालून बघायला जाणार आहे. तेवढ्यात ही सगळी काढायची आणि व्हर्लनची त्याच पिंजऱ्यात घालायची. निळी दोरी तीच."

"आणि ऑरिनने ओळखलं तर?"

"कशावरून ओळखेल?" डेलियाच्या तोंडून गेलं आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

सासूने बादली भरून आणली आणि गुडघ्यांचं दुखणं विसरून फळ्यांवर ओतली. वास गेला नाही. डेलियाने तीनदा साबणाने हात धुतले, लिंबू चोळलं. दुपारी सँडविच तोंडाशी नेलं, तर बोटांच्या नखांतून तो तिच्याआधी जेवायला बसलेला.

*

गुरुवारी दुपारी लिनेट आली आणि सोबत एमेट. नेब्रास्काचा, सहा फूट दोन इंच, मक्याच्या शेतात वाढलेला आणि मक्यासारखाच सरळ. समुद्र त्याने लिनेटला भेटल्यावर पाहिला. कच्चं कालव आजवर खाल्लं नव्हतं. ते मी तुमच्याच हातचं खाणार, सर, असं त्याने ऑरिनला नाताळातच सांगून ठेवलं होतं, आणि त्यामुळे ऑरिनला तो पोरीपेक्षाही आवडू लागला होता.

"सर काय म्हणतोस? ऑरिन म्हण."

"हो, सर."

डेलिया स्वयंपाकघरात मक्याची कणसं उकडत होती. खिडकीतून तिला कप्पीचा आवाज आला. ती तशीच, हातात चिमटा घेऊन, धावत बाहेर आली. पिंजरा वर आला होता.

"आज नको, ऑरिन," ती म्हणाली. "शनिवारचं शनिवारी बघू."

"अगं सराव करतोय नुसता. शनिवारी एवढ्या माणसांत हा गांगरला आणि दोनदाच चावला म्हणजे? आई जन्मभर ऐकवेल."

"ऐकवेन," आर्व्हिला खुर्चीतून म्हणाली. सवयीने म्हणाली. मग सुनेकडे पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

लिनेट बापाच्या शेजारी उभी होती. पिंजऱ्यातून पाणी निथळलं आणि तिची मान गप्पकन मागे गेली. ती याच धक्क्यावर वाढलेली पोर होती. केस सारखे करायच्या निमित्ताने तिने मनगट नाकावर धरलं आणि आईकडे पाहिलं. डेलियाने मान हलवली. नको. बोलू नकोस. लिनेटने मान खाली घातली. असं तीन वर्षांत त्या घराने एकमेकांना न बोलता बोलायला शिकवलं होतं.

ऑरिन कालव उघडताना कधी कालवाकडे बघत नसे. बोटांना सगळं येत होतं. तो बघायचा खाणाऱ्याच्या तोंडाकडे. सुरी गेली, पिळली, झाकण निघालं, खालून एक फटका मारून त्याने कालव देठापासून सोडवलं आणि त्याच हाताने वाटीत उलटं केलं, पोटाचा फुगीर भाग वर, जसं देखणं दिसतं तसं. खालच्या फटक्यात सुरी कुठून गेली ते डेलियाला दिसलं. कालवाच्या कडेने करडं पाणी वर आलं.

"घे."

एमेटने दोन्ही हातांनी घेतलं. देवळात प्रसाद घ्यावा तसं. तोंडाशी नेलं. त्याच्या नाकपुड्या फुलल्या आणि एक क्षण तो थांबला. मग त्याने सगळ्यांकडे पाहिलं. होणारी बायको जमिनीकडे बघत होती, सासू चिमटा धरून उभी होती, आजेसासूचं तोंड उघडं होतं, आणि सासरा, आयुष्यभर ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवसाकडे पाहावं तसा त्याच्याकडे बघत होता. सगळी आपली परीक्षा बघतायत असंच त्याला वाटलं असणार. त्याने शिंपला तोंडात रिकामा केला.

पहिल्या चावण्याला कचकन आवाज आला. वाळूचा.

दुसऱ्या चावण्याला त्याचे कान लाल झाले.

तिसऱ्याला डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गळ्याची घाटी वर गेली, तिथेच राहिली, विचार करत असल्यासारखी, आणि मग खाली आली. डेलियाला तो चिखल स्वतःच्या घशातून उतरताना कळला, गार, बुळबुळीत, मागे अंड्याची चव ठेवून जाणारा.

"तीनदा," ऑरिन म्हणाला. "बरोबर तीनदा. कसं लागलं?"

"छान आहे, सर."

"नुसतं छान?"

एमेटने शब्द शोधला. "मातीची चव आहे, सर."

"ऐकलंस?" ऑरिन खूश होऊन डेलियाकडे वळला. "शेतकऱ्याचा मुलगा आहे. बरोबर ओळखलं. आपल्या तळाची माती आहे ती. लोक सांगून सांगून खातात तरी त्यांना कळत नाही. थांब, आणखी एक दे. एकावर काय कळणार."

"बाबा, जेवण तयार आहे," लिनेट म्हणाली. आवाज चिरका आला.

"जेवण कुठे पळून जातंय."

दुसरं त्याने आणखी मोठं निवडलं. सुरी, पीळ, फटका, उलटं. एमेटने घेतलं. या वेळी तो थांबला नाही, थांबलं तर जमणार नाही हे त्याला कळलं होतं. एक. दोन. ओठाच्या कोपऱ्यातून एक काळा थेंब हनुवटीवर उतरला, आणि त्या काळ्यात काहीतरी तांबूस, दोऱ्याएवढं, हललं. त्याने हाताच्या पाठीने पुसलं. पुसताना ते हातावर आलं की परत आत गेलं, डेलियाला दिसलं नाही. तीन. त्याने गिळलं. कपाळावर घाम आला होता, ऑगस्टची दुपार असली तरी वारा गार होता.

"छान," तो म्हणाला. शब्दाबरोबर आलेला श्वास आर्व्हिलापर्यंत पोचला आणि तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

ऑरिनने तिसरं उचललं. झाकण निघालं. एमेटने हात पुढे केला. मोठा, खरबरीत हात, तळवा वर. त्याला सांगितलं असतं तर त्याने सहाशे खाल्ली असती.

"ऑरिन, थांब," डेलिया म्हणाली.

"काय गं?"

"भाडेकरू आहे त्यात."

ऑरिनचा चेहरा आधी हसराच राहिला, मग हळूहळू हसू त्याच्यावर सैल पडलं. त्याने जे तीन वर्षं केलं होतं तेच केलं. शिंपला नाकाशी नेला. डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. तो वास धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला येत होता, टेकडीवरच्या खिडक्यांनाही येत असेल. ऑरिनने डोळे उघडले आणि डेलियाकडे पाहिलं.

ती त्याला कुठली खूण देणार होती, तिला कळत होतं. एवढंच करायचं होतं. डावी नाकपुडी आकसली की तो म्हणणार, "हं, खरंच, टाकून देऊ ही सगळी." पिंजरा पाण्यात जाईल, व्हर्लनची कालवं येतील, शनिवार पार पडेल, आणि पिंकहॅमांचं नाक शाबूत राहील. तिने आकसली. तीन वर्षांत प्रथमच ते करताना तिला शिसारी आली, आणि ती कालवाची नव्हती.

"हं," ऑरिन म्हणाला. "जरासा येतोय खरा. टाकून देऊ ही..."

एमेटचा हात अजून पुढेच होता.

"सर," तो हळूच म्हणाला, "मी तीनदाच चावलं ना? दोन्ही वेळा?"

ऑरिनने त्याच्या हाताकडे पाहिलं. हनुवटीवरच्या सुकलेल्या काळ्या ओघळाकडे पाहिलं. मग शिंपला डोळ्यांपासून लांब धरून, सुरीच्या टोकाने त्याने कालव बाजूला सारलं आणि आतला फुटलेला फोड, चिखल आणि त्यात मिशा हलवणारा तो जीव नीट, बराच वेळ, बघितला. मान वर करून लिनेटकडे पाहिलं, तिचं मनगट अजून नाकावर होतं. आईकडे पाहिलं, आई दुसरीकडे बघू लागली. सगळ्यांनी काय काय गिळलं होतं ते त्याला एकदमच कळलं असावं, कारण त्याने शिंपला खाली ठेवला आणि एमेटचा पुढे केलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन मिटला.

"तू बरोबर तीनदा चावलंस," तो म्हणाला. "त्यात किडा होता, एमेट. दोन्हींत होता. सगळ्यांना कळलं, मला नाही कळलं. मला वास येत नाही रे. तीन वर्षं झाली, मला कसलाच वास येत नाही."